मुंबईत शेत नाही, गिरण्याही गेल्या. मग प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक क्षेत्रांमध्ये नेमकं काय जातं-येतं?

पाटी_खडू | सोमवार, रात्री ९.०५

अर्थशास्त्राच्या पुस्तकात तीन चौकोन असतात: प्राथमिक म्हणजे शेती, मासेमारी, खाणी, द्वितीयक म्हणजे कारखाने, वीज, बांधकाम, तृतीयक म्हणजे वाहतूक, व्यापार, बँका, शिक्षण वगैरे. मधे दोन्ही टोकांचे बाण आणि खाली एक वाक्य, 'ही क्षेत्रे परस्परावलंबी आहेत.' मुलं ते वाक्य पाठ करतात. बाणावर काय लिहायचं, हे मात्र कुणाला सांगता येत नाही.

या धाग्यावर ते बाण भरायचे आहेत. कोणती वस्तू किंवा सेवा जाते, किती जाते, किती वेळात जावी लागते आणि नाही गेली तर कुठे अडतं. उदाहरणं शक्यतो मुंबईची, म्हणजे मुलांना ठिकाणं डोळ्यांसमोर आणता येतील.

दुसरा मुद्दा. 'सेवा क्षेत्र वाढलं म्हणजे शेती-उद्योगावरचं अवलंबन घटलं' असं उत्तर सर्रास लिहिलं जातं. देशाच्या एकूण मूल्यवर्धनात सेवांचा वाटा निम्म्याहून जास्त आहे आणि शेतीचा पाचव्या हिश्शाहूनही थोडा कमी, हे खरं. पण २०२३-२४च्या श्रमबल पाहणीनुसार काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोक शेतीत आहेत. मग ते उत्तर बरोबर मानायचं का?

धक्क्यावरून | सोमवार, रात्री १०.४०

ससून डॉक किंवा भाऊचा धक्का घ्या आणि फक्त बर्फ धरा. मासेमारी प्राथमिक, बर्फ कारखाना द्वितीयक. बाणावर लिहायचं ते असं.

मासा जाळ्यातून वर येतो तेव्हा त्याचं तापमान समुद्राच्या पाण्याएवढं, २८ ते ३० अंश. तो शून्यावर आणायचा. एक टन मासा ३० अंश खाली आणायला सुमारे २४,००० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. म्हणजे नुसत्या हिशेबाने एक टन माशाला ३०० किलो बर्फ पुरला पाहिजे. प्रत्यक्षात बोटीवर माशाच्या वजनाएवढाच बर्फ धरतात, कारण उरलेला ७०० किलो बाहेरून खणात, म्हणजे बोटीतल्या मासा-बर्फ ठेवायच्या कप्प्यात, शिरणाऱ्या उष्णतेशी लढण्यात जातो. बोट आठ-दहा दिवस बाहेर, वर ऊन, खालून इंजिनाची धग. खणाच्या भिंतीतला फोम ओला झाला की हे प्रमाण आणखी वाढतं. दुरुस्तीवर वाचवलेले पैसे मग बर्फावर जातात आणि शेवटचे दोन दिवस पकडलेला मासा मऊ पडतो.

आता कारखान्याकडे. पत्र्याच्या डब्यात गोडं पाणी भरतात आणि डबे उणे १० अंशांच्या आसपासच्या मिठाच्या पाण्यात उभे करतात. त्या मिठाच्या पाण्याला थंड ठेवतो अमोनिया. पाणी बाहेरून आत गोठत जातं. आधी गोठलेला थरच पुढच्या थरासाठी गोधडी होतो, म्हणून जाडी दुप्पट केली की वेळ जवळपास चौपट लागतो. १३०-१४० किलोच्या मोठ्या लादीची जाडी साधारण २८ सेंटिमीटर असते. तिला दीड ते दोन दिवस लागतात. पातळ, ५० किलोची लादी एका दिवसाच्या आत तयार होते. आपल्या हवामानात टनामागे ५५ ते ७० युनिट वीज लागते. दहा टन बर्फ घेऊन निघालेली बोट म्हणजे साडेपाचशे ते सातशे युनिट वीज समुद्रात घेऊन गेली.

मिठाचं प्रमाणही सांगतो, कारण तिथेच बिघाड होतो. १०० किलो पाण्याला २३-२४ किलो मीठ हवं. डबे काढताना, घालताना गोडं पाणी सांडत राहतं आणि टाकी फिकी होते. मग अमोनियाच्या नळ्यांवरच बर्फाचं कवच चढतं, मशीन चालू राहतं, वीज जळते आणि लाद्या मात्र पोकळ निघतात. ते मीठ मिठागरातून येतं, म्हणजे प्राथमिक क्षेत्रातून. बाण उलटाही आहे.

दीड-दोन दिवसांचा वेळ लक्षात ठेवा. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. बंदी उठली की सगळ्या बोटींना एकाच वेळी बर्फ हवा. मागणी एका पहाटेची आणि उत्पादन दोन दिवसांचं. म्हणून कारखान्यांना आधीपासून लाद्या साठवाव्या लागतात. साठवण्याची वीज वेगळी, वितळून जाणारा बर्फ वेगळा. त्याच दिवसांत वीज गेली तर मागची कसर भरून काढता येत नाही, कारण डबे तेवढेच आणि जाडी तेवढीच. परस्परावलंबन म्हणजे फक्त 'किती' नाही, 'कधी'सुद्धा.

कोष्टक | सोमवार, रात्री ११.२२

वरचा प्रतिसाद फार कामाचा आहे. वर्गीकरणाबद्दल एक भर. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ मध्ये बर्फनिर्मिती 'वस्तुनिर्माण' या विभागात नाही. ती वीज, वायू, वाफ आणि वातानुकूलन पुरवठा या विभागात, ३५३० या वर्गात येते. तरी क्षेत्र द्वितीयकच राहतं. मीठ काढणं ०८९३, म्हणजे खाणकामात. खाणकाम आपल्याकडे प्राथमिकमध्ये धरतात, काही देशांत उद्योगात. मुलं परदेशी संकेतस्थळांवरचे आकडे घेतात तेव्हा इथेच गफलत होते.

सीमेवरचं आणखी एक उदाहरण: बोटीवरच मासा साफ करून गोठवला आणि ती बोट स्वतः मासे पकडणारी असेल, तर ते काम मासेमारीतच मोजलं जातं. तेच काम धक्क्यावरच्या शेडमध्ये झालं तर वस्तुनिर्माण. मासा तोच, सुरी तीच, क्षेत्र बदललं.

आता हिशेब. खालचे आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत. एका फेरीचा मासा लिलावात १,००,००० रुपयांना गेला. डिझेल ४०,०००, बर्फ १२,०००, जाळं-दुरुस्ती ८,०००. बाहेरून घेतलेल्या वस्तू ६०,०००. मूल्यवर्धन उरलं ४०,०००, आणि प्राथमिक क्षेत्राच्या खात्यात तेवढेच जमा होतात. खलाशांचा पगार किंवा वाटा वजा करायचा नाही, तो मूल्यवर्धनाचाच भाग आहे; ही चूक उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त दिसते. पुढे तो मासा बाजारात १,६०,००० ला विकला गेला. मधले ६०,००० दलाली, टेम्पो, हमाली, पुन्हा बर्फ आणि विक्रेतीची मेहनत. त्यातला बर्फ आणि टेम्पोचं डिझेल पुन्हा द्वितीयकचं.

म्हणजे ताटातली सुरमई 'प्राथमिक क्षेत्राची वस्तू' म्हणावी तर तिच्या किमतीचा चौथा हिस्सा फक्त त्या क्षेत्रात तयार झाला. सेवा क्षेत्राचा वाटा वाढलेला दिसतो त्याचं एक कारण हे आहे. मासा कमी झाला म्हणून नाही, माशाभोवतीची कामं वाढली म्हणून.

सांख्यिकी मंत्रालय 'पुरवठा-वापर सारण्या' प्रसिद्ध करतं, १४० वस्तू आणि ६६ उद्योग. एक स्तंभ वरून खाली वाचला की त्या उद्योगाने कुणाकडून काय घेतलं ते कळतं. एक ओळ डावीकडून उजवीकडे वाचली की ती वस्तू कुठे कुठे गेली ते कळतं. या पद्धतीचा पाया वासिली लिऑन्टिफ यांचा, त्यासाठी त्यांना १९७३चं नोबेल मिळालं. मुलांना सगळी सारणी नको, मासेमारीचा एक स्तंभ पुरे.

पाटी_खडू | मंगळवार, सकाळी ७.१०

'कधी' हा शब्द पुस्तकात कुठेच नाही. बाणावर प्रमाणासोबत वेळही लिहायची, हे पक्कं केलं.

एक शंका. धक्क्यावर सेवा क्षेत्राकडून मासेमारीकडे येणारा बाण कोणता? वाहतूक आणि लिलाव धरूनही तो एकतर्फीच वाटतो: मासा जातो, पैसे येतात.

धक्क्यावरून | मंगळवार, दुपारी १.३०

सर्वांत ठळक बाण कागदाचा. राज्यात यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळतो. संस्था कागदपत्र पाठवते, परतावा नंतर येतो. तोवर रक्कम अडकलेली, आणि पुढच्या फेरीचं डिझेल उधारीवर. परतावा लांबला की बोट बंद पडत नाही, पण सावकाराचं व्याज चालू होतं. ताज्या मासळीवर जीएसटी नाही, म्हणून बर्फ-जाळ्यावर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. तो खर्चातच मुरतो.

दुसरा बाण दूरच्या देशातल्या नियमाचा. जाळ्यात कासव अडकलं तर त्याला निसटता यावं यासाठी ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागून ओढायच्या, जाळ्यात तिरपी गजांची चौकट आणि वर झडप बसवतात. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव चौकटीवर सरकत बाहेर पडतं. ही चौकट वापरली जात नाही म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. शेततळ्यातल्या कोळंबीला ती अडचण नाही. तपासणी आणि प्रमाणपत्र या सेवा आहेत, चौकट हा कारखान्यातला माल आहे, आणि दर पडला तो धक्क्यावरच्या टोपलीचा.

शेडमध्ये सोललेली कोळंबी दोन किलोच्या लाद्यांत उणे ४० अंशांच्या प्लेट फ्रीझरमध्ये गोठवून उणे १८ ला ठेवतात. तिथून बंदरापर्यंत एकाही ठिकाणी ती उणे १८ च्या वर गेली आणि परत गोठली की आत मोठे स्फटिक होतात. वितळल्यावर पाणी सुटतं आणि वजन घटतं. कंटेनरमधली तापमानाची नोंद म्हणूनच मालाइतकी महत्त्वाची.

चेंबूर_नत्र | मंगळवार, रात्री ८.५५

मुंबईचा सर्वांत मोठा बाण कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तो समुद्राखालून येतो.

मुंबई हायचं तेल १९७४ मध्ये सापडलं, उत्पादन १९७६ पासून. सोबत येणारा वायू उरणला येतो. तो नळाने ट्रॉम्बेला जातो, जिथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना आहे. वायू काढणं प्राथमिक, खत द्वितीयक, आणि खत पुन्हा शेतात, प्राथमिकमध्ये. मधे पाइपलाइन, रेल्वे, अनुदानाचा हिशेब: तृतीयक. वर्तुळ पूर्ण होतं ते एका शहराच्या हद्दीतून.

आकडे. एक टन युरियाला सुमारे ०.५८ टन अमोनिया लागतो. वायूच्या रूपात ऊर्जा साधारण ५.५ ते ६.५ गिगाकॅलरी, संयंत्र किती जुनं त्यावर. युरियात नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के. पोतं ४५ किलोचं, म्हणजे नत्र २०.७ किलो. शेतकऱ्याला पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, उत्पादनखर्च त्याच्या कितीतरी पट. मधला फरक सरकार कारखान्याला देतं. देशी वायू पुरत नाही, द्रवरूप वायू आयात करावा लागतो. दोन्हींच्या किमती वेगळ्या असल्याने २०१५ पासून युरिया कारखान्यांसाठी त्या एकत्र करून सरासरी लावतात. त्यामुळे परदेशात वायू महागला तर पोत्याची किंमत हलत नाही, अनुदानाचं बिल हलतं.

'कधी' इथेही आहे. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस. ते सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर १२ पोती. पण एकदम द्यायचं नसतं. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के, आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे बुंध्याला माती चढवताना, उरलेलं ४० टक्के. दुसरा हप्ता फुटव्यांचा असतो. तो तीन आठवडे उशिरा पडला तर फुटवे कमी राहतात आणि नंतर दुप्पट खत टाकूनही ते परत येत नाहीत.

खताची पूर्ण मालगाडी, म्हणजे रेक, साधारण २,६०० टनांची, ४५ किलोची ५७ हजारांहून जास्त पोती. रेक धक्क्याला लागला की रेल्वे ठरावीक तासच मोफत देते, पुढे दंड. तेवढ्या वेळात हमाल, ट्रक आणि गोदामातली जागा तिन्ही हवं. जूनमध्ये नेमका पाऊस पडतो आणि युरिया हवेतला ओलावा ओढतो. भिजलेलं पोतं चोवीस तासांत दगड होतं. हातोड्याने फोडून टाकता येतं, पण पेरणीयंत्रातून जात नाही. कारखाना चालू, शेत तयार, आणि अडलं ते ताडपत्रीपाशी.

रुईगाठ | बुधवार, सकाळी ११.००

कापसाचं गणित सांगतो, कारण त्यात एक वळसा आहे जो चौकोनांच्या चित्रात बसत नाही.

आपली गाठ १७० किलोची. पाच क्विंटल कापसातून जिनिंगमध्ये, म्हणजे बी वेगळं काढताना, सुमारे १७० किलो रुई निघते, साधारण ३४ टक्के. उरते ३२० किलोच्या आसपास सरकी (कापसाचं बी), बाकी कचरा आणि घट. रुई सूतगिरणीकडे जाते. सरकी तेलघाणीत: ३८-४० किलो तेल आणि अडीचशे किलोवर पेंड. ती पेंड गाई-म्हशींच्या गोठ्यात. म्हणजे शेतातून निघालेला कापूस कारखान्यातून वळून परत दुसऱ्याच शेतकऱ्याकडे जातो.

परिणाम असा की विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने कापूस कमी झाला की सरकी कमी, पेंड महाग, आणि ज्या भागात कापसाचं बोंडही दिसत नाही तिथला दुधाचा खर्च वाढतो. मुंबईत दुधाची पिशवी दोन रुपयांनी महागली त्यामागे कधी कधी बोंडअळी असते.

रुईच्या बाजूला अडचण ओलाव्याची. कापूस ८ टक्क्यांच्या वर ओला असेल तर जिनमध्ये सरकी तुटते, तिचे तुकडे रुईत जातात आणि सुतात ठिपके दिसतात. फार कोरडा असेल तर धागा तुटतो, लांबी कमी भरते. म्हणून खरेदी केंद्रावर ओलावामापक. पुढे प्रयोगशाळेत धाग्याची लांबी, ताकद, मायक्रोनेअर (धाग्याचा बारीकपणा आणि पक्वता) आणि कचरा मोजतात. हा अहवाल ही सेवा आहे. त्याच्याशिवाय गिरणी गाठीला पूर्ण दर देत नाही, कारण तिला एका प्रकारच्या सुतासाठी एकसारख्या गाठी हव्यात. कॉटन ग्रीनला ज्या संस्थेची इमारत आहे ती कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया १९२१ पासून हेच करते: प्रत ठरवणं, करार आणि तंट्यांचा निवाडा. गाठी आता तिथे उतरत नाहीत, पण प्रत आणि शर्ती अजून तिथल्या कागदावर ठरतात.

जुनी_पेढी | बुधवार, दुपारी ४.१५

कॉटन ग्रीन निघालंच आहे तर क्रमाबद्दल बोलायला हवं. पुस्तकात टप्पे असतात: आधी शेती, मग उद्योग, मग सेवा. मुंबईत तसं घडलेलं नाही. इथे सेवा आधी आल्या.

कापसाचा व्यापार, जहाजं, दलाली, हुंड्या आधी होत्या. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३. पहिली सूतगिरणी कावसजी दावर यांची, स्थापना १८५४, ताडदेवला सूत निघायला लागलं १८५६ मध्ये. गिरणीला लागलेलं भांडवल व्यापारातून आलेलं. यंत्रं इंग्लंडची, कापूस देशावरचा, मजूर कोकण आणि घाटावरचे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६३ मध्ये भोर घाटातली रेल्वे सुरू झाल्याने माल बंदरात येणंही सोपं झालं. त्या पैशातून बँका आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. युद्ध संपलं, भाव कोसळला, १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे हिशेब चुकते करायची वेळ आली आणि पेढ्यामागून पेढ्या बुडाल्या. शेतमालाच्या एका भावावर वित्ताचा सगळा डोलारा उभा होता. सेवा क्षेत्र 'स्वतंत्र' असतं असं म्हणणाऱ्याला हे वर्ष दाखवावं. शेअर दलालांनी आपली संस्था बांधली ती दहा वर्षांनी, १८७५ मध्ये.

विजेचंही तसंच. १९१५ मध्ये खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं ते मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी. लोणावळ्याच्या परिसरात पडलेला पाऊस तळ्यांत साठवून घाटाखाली सोडायचा आणि त्यावर परळचे माग चालवायचे.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार. पुढे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीच्या पुनर्विकासाचा रस्ता मोकळा झाला. आज तिथे कार्यालयं आहेत. ते पाहून 'उद्योगाची जागा सेवेने घेतली' असं लिहितात. शहराच्या हिशेबापुरतं ते खरं. कापड विणायचं थांबलं नाही, ते भिवंडी, इचलकरंजी आणि दक्षिणेत गेलं. लोअर परळच्या कार्यालयातून त्याच मालाच्या ऑर्डरी, विमा आणि पतपत्रं निघतात. आधी माग आणि पेढी दोन मैलांवर होते, आता दोनशे मैलांवर. अंतर वाढलं की वाहतूक आणि कर्जाचा काळ वाढतो, म्हणजे सेवांवरचा खर्च वाढतो.

पाटी_खडूंच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: 'सेवा वाढल्या म्हणजे शेती-उद्योगावरचं अवलंबन घटलं' हे वाक्य चूक आहे. ज्या कामगारांचं काम गेलं त्यांना ती नवी कार्यालयं उपयोगी पडली नाहीत, हेही मुलांना सांगायला हवं. साखळी टिकते, माणसं टिकतातच असं नाही.

व्याजदर | बुधवार, रात्री ९.४८

बँकेकडून शेताकडे जाणारा बाण धूसर ठेवू नका, त्याचे आकडे ठरलेले आहेत. बँकांनी समायोजित निव्वळ कर्जाच्या ४० टक्के रक्कम अग्रक्रम क्षेत्राला (शेती, लघुउद्योग वगैरे) द्यायची, त्यात १८ टक्के शेतीला. कमी पडलं तर दोन वाटा: एप्रिल २०१६ पासून ज्या बँकेचं जास्त झालंय तिच्याकडून प्रमाणपत्र विकत घ्यायचं, किंवा तूट नाबार्डकडच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीसारख्या निधींत कमी व्याजावर जमा करायची. हा निधी १९९५-९६ पासूनचा. त्यातून राज्यांना बंधारे, ग्रामीण रस्ते, पूल यांसाठी कर्ज मिळतं. म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बँकेने शेतकऱ्याला कर्ज दिलं नाही, तरी तिचा पैसा फिरून एखाद्या पुलाच्या सिमेंटमध्ये जातो.

पुलाने शेतमाल लवकर निघतो, पण बियाण्याला रोख रक्कम मिळत नाही. दोन्ही एकच मानू नका.

किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून, आणि २०१८-१९ पासून पशुपालन-मासेमारीलाही. तिथे अडतं ते मुदतीपाशी. पिकाचा पैसा हंगामाला येतो आणि हप्ता महिन्याला मागितला तर खातं थकणारच. म्हणून ट्रॅक्टरचे हप्ते बहुतेक सहामाही ठेवतात. ट्रॅक्टर बनवणारा कांदिवलीचा कारखाना पावसाच्या अंदाजावर नजर ठेवतो, त्याचं कारणही हेच.

दूध_४अंश | गुरुवार, सकाळी ६.२०

रुईगाठ यांच्या पेंडेपासून पुढे.

धारेचं दूध ३५-३७ अंशांचं असतं. त्या तापमानात जंतू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. गावातल्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) मोजून दूध शीतटाकीत जातं आणि ४ अंशांवर आणावं लागतं. तिथून इन्सुलेशन असलेला टँकर. चांगला टँकर दहा-बारा तासांत एक-दोन अंशच चढतो. डेअरीत आल्यावर आधी चाचणी, मग ७२ अंशांवर १५ सेकंद पाश्चरीकरण, परत ४ अंश. टोन्ड दूध म्हणजे फॅट ३.० आणि एसएनएफ ८.५, फुल क्रीम ६.० आणि ९.०.

बिघाड बहुतेक वेळा पहिल्या दोन तासांत झालेला असतो. गावात वीज गेली, जनरेटरला डिझेल नाही, टाकी १२ अंशांवर राहिली. डेअरीत मिथिलीन ब्लूच्या चाचणीत (दुधात निळा रंग घालतात, जंतू जास्त तितका तो लवकर उडतो) निळा रंग अर्ध्या तासात उडाला तर ते दूध कामाचं नाही. एका केंद्राचं वाईट दूध टँकरात मिसळलं की दहा हजार लिटर परत.

पिशवी विसरू नका. अर्ध्या लिटरच्या पिशवीला अडीच-तीन ग्रॅम पॉलिथिन लागतं. दहा हजार लिटरला २०,००० पिशव्या, ५० ते ६० किलो फिल्म. या पॉलिथिनची एक वाट पुन्हा मुंबई हायपर्यंत जाते: उरणला वेगळे केलेले इथेन-प्रोपेन नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल संकुलात आणि तिथून प्लास्टिकचे दाणे. चेंबूर_नत्र यांच्या वायूचा हा दुसरा फाटा.

सेवा बंद पडली तर काय होतं ते मार्च २०२० च्या टाळेबंदीत दिसलं. हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकानं बंद. घरोघरचं दूध चालू होतं, तरी जादा दूध उरलं, कारण म्हशीला बंदी कळत नाही. ती दोन वेळा दूध देणारच. उपाय एकच, भुकटी. साधारण ११ लिटर साय काढलेल्या दुधातून एक किलो भुकटी. पण वाळवण्याच्या यंत्राची क्षमता ठरलेली, आणि सगळ्यांचं दूध एकाच आठवड्यात आलं. लोणी-भुकटी साठली, भाव पडले, शेतकऱ्याचा दर खाली आला.

वाशी_तोलाई | गुरुवार, रात्री १०.०५

वर 'हमाली' आणि 'हमाल' हे शब्द येऊन गेले. तृतीयक क्षेत्राचं चित्र काढताना मुलं संगणक काढतात, म्हणून लिहितो. वाशीच्या बाजार समितीत कांद्याची गोणी ट्रकमधून उतरणं, तोलणं, थप्पी लागणं आणि पुन्हा चढणं हे माथाडी आणि तोलणार करतात. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा झाला. मजुरी मालकाने मंडळात भरायची आणि मंडळाने कामगाराला द्यायची, सोबत भविष्य निर्वाह निधी आणि रजेचे पैसे. गोणी ५० किलोपेक्षा जड नको, हा त्यांचा आग्रह पाठीच्या मणक्याचा आहे.

कांदा गोणीत दोन-तीन दिवस जास्त राहिला की आतून ऊब धरतो आणि एक सडलेला कांदा शेजारचे ओले करतो. उतराई एक दिवस थांबली तर नाशिककडे लिलाव मंदावतात, कारण व्यापाऱ्याला पुढे जागा नसते.

पाटी_खडू | शुक्रवार, सकाळी ८.३०

सगळ्यांचे आभार. मुलांसाठी आखलेलं असं: प्रत्येक बाणावर चार रकाने. काय, किती, किती वेळात, उशीर झाला तर काय. पहिल्या तासाला बर्फ, दुसऱ्याला युरिया, तिसऱ्याला कापूस-पेंड-दूध हा वळसा. मूल्यवर्धनाचं उदाहरण कोष्टक यांचंच घेतो. गिरण्यांवरच्या चर्चेला स्वतंत्र तास.

धक्क्यावरून यांना एक विचारायचं होतं. मुलांकडून बर्फाचा प्रयोग वर्गात करून घेता येईल का?

धक्क्यावरून | शुक्रवार, दुपारी २.५०

येईल. दोन सारखे थर्माकोलचे डबे घ्या, प्रत्येकी एक किलो बर्फाचा चुरा. एकाचं झाकण टेपने बंद, दुसऱ्याच्या तळाशी एक फडकं ओलं करून ठेवा आणि झाकण अर्धं उघडं. दर अर्ध्या तासाने वितळलेलं पाणी ओतून मोजा, तीन तास. पाण्याचं वजन किलोत गुणिले ८०, म्हणजे आत शिरलेली उष्णता किलोकॅलरीत. फडक्यात पाणी अडकतं, म्हणून ते आधी आणि नंतर वजन करून फरक धरायला विसरू नका. चुरा करताना बर्फ आधीच ओला होतो, तेवढं पाणी पहिल्या मोजणीत येईल. पहिला अर्धा तास हिशेबातून सोडून द्या. लादी फोडायला टोकदार सळई लागते, ते काम मुलांना देऊ नका.